विभक्त पती-पत्नी आणि आयकराचे विवरणपत्र



स्मरणिका हाती पडली की आपण प्रथम धम्मविषयक लेख आणि मान्यवरांचे संदेश वाचतो. आयकराचा विषय तसा रुक्ष, त्यातून पती-पत्नी विभक्त होण्याचा विषय तर मनाला क्लेश देणारा. तरीही या दोन्ही विषयांवर एकत्र लिहिणे आवश्यक वाटले. आपल्या समाजातील दुसरी-तिसरी पिढी शिकून नोकरीला लागली आहे. लोणावळा-मावळ परिसरात कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी हॉटेल व्यवसायात आहे. पती-पत्नी दोघेही कमावतात. अशा घरात दुर्दैवाने बेबनाव झाला आणि दोघे वेगळे राहू लागले, की जुलै महिन्यात एक प्रश्न हमखास उभा राहतो. "आता माझे रिटर्न कोणत्या प्रकारात भरायचे? विवाहित म्हणून, की एकटी म्हणून?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण ते पूर्ण समजून घेतले नाही तर नुकसान होते. ते समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न आला कोठून?

हा प्रश्न मुळात परदेशातला आहे. अमेरिकेत पती-पत्नी दोघांचे मिळून एकच विवरणपत्र भरू शकतात, किंवा विवाहित असूनही वेगवेगळी विवरणपत्रे भरू शकतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबरला, विवाह कायद्याने टिकून आहे की नाही यावरून तेथे करदात्याचा दर्जा ठरतो. वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदारापासून वेगळे राहून, घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार उचलून, मुलाला वर्षातील निम्म्याहून अधिक काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला 'कुटुंबप्रमुख' हा सवलतीचा दर्जा मिळू शकतो. एकत्र विवरणपत्रावर सही केली तर त्या कराची जबाबदारी दोघांवरही येते. आपल्यापैकी काहींची मुले-मुली, भाचे-पुतणे तिकडे नोकरीस आहेत. त्यांनी हे नियम जरूर पाहावेत, कारण तेथे दर्जा चुकीचा निवडला तर कर आणि दंड दोन्ही पडतात.

भारतात मात्र असा दर्जा निवडायचाच नसतो. आपल्याकडे आयकर व्यक्तीवर आहे, जोडप्यावर नाही. पतीचे विवरणपत्र वेगळे, पत्नीचे वेगळे. संसार सुखाचा असताना वेगळे आणि मोडल्यावरही वेगळेच. इंग्लंडमध्ये पत्नीचे उत्पन्न पतीचेच समजण्याची पद्धत १९९० च्या एप्रिलपर्यंत चालू होती. आपल्याकडे कमावत्या पत्नीला तिच्या कमाईची स्वतंत्र करदाती म्हणून त्याच्या कितीतरी आधीपासून मान्यता आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वी स्त्रियांना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा थोडी जास्त होती. २०११-१२ या आर्थिक वर्षात ती पुरुषांना १,८०,००० रुपये व स्त्रियांना १,९०,००० रुपये होती. २०१२-१३ पासून हा फरक गेला. त्यामुळे स्त्री म्हणून, परित्यक्ता म्हणून किंवा घटस्फोटित म्हणून आयकराचा वेगळा दर आज नाही.

गोव्याचा अपवाद

याला एक अपवाद आपल्या शेजारीच आहे. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली येथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५अ घालण्यात आले व ते १९६३ पासून लागू धरण्यात आले. या कलमान्वये अशा जोडप्याचे घरभाडे, व्यवसाय, व्याज इत्यादी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. विवरणपत्रात 'आपणांस पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे काय?' असा प्रश्न असतो, तो यासाठीच. लोणावळ्याच्या माणसाने समजून न घेता तेथे 'होय' लिहू नये. आणि गोव्यात ज्यांचा विवाह या संहितेखाली आला आहे, त्यांनी विभक्त होताना ही सामाईक मालमत्ता कायद्याने केव्हा संपली ती तारीख नीट पाहावी, कारण निम्मी वाटणी त्या तारखेशी बांधलेली आहे.

कायद्याच्या नजरेतील तीन अवस्था

दर्जा निवडायचा नाही म्हणजे विभक्त होण्याचा कराशी संबंधच नाही, असे मात्र समजू नये. संबंध आहे, पण तो वेगळ्या मार्गाने येतो. प्रथम आपण कोणत्या अवस्थेत आहोत ते पाहू.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू संहितेसाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अपार कष्ट घेतले आणि जी रखडल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तिच्यातूनच पुढे हे कायदे आले. विभक्त होण्याचा, घटस्फोटाचा आणि पोटगीचा हक्क स्त्रीला त्यातून मिळाला.

(१) पहिली अवस्था म्हणजे नुसते वेगळे राहणे. पत्नी माहेरी गेली, पती दुसरीकडे राहतो, कागद काही नाही. कायद्याने विवाह टिकून आहे.

(२) दुसरी अवस्था म्हणजे वेगळे राहण्याचा करार किंवा कलम १० खालील न्यायिक विभक्ततेचा हुकूम. येथेही विवाह टिकून आहे, फक्त एकत्र राहण्याचे बंधन नाही.

(३) तिसरी अवस्था म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा. १९७६ साली आलेल्या कलम १३ब मुळे एक वर्ष वा अधिक काळ वेगळे राहिलेले पती-पत्नी परस्पर संमतीने तो मिळवू शकतात. येथे विवाह संपला.

आपल्याकडे अजूनही शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून, पंचांच्या सह्या घेऊन 'मोकळे झालो' असे समजणारे लोक आहेत. नोटरीचा शिक्का मारला म्हणून घटस्फोट होत नाही. असा कागद फार तर दुसऱ्या अवस्थेतील करार ठरेल. आयकरासाठीही तिसरी अवस्था हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच सुरू होते.

दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न कोणाचे?

पूर्वी श्रीमंत लोक कर चुकविण्यासाठी पत्नीच्या वा मुलांच्या नावे पैसा ठेवीत. त्याला आळा घालण्यासाठी १९३७ साली त्या वेळच्या आयकर कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे १९६१ च्या कायद्यात तीच तरतूद कलम ६४ म्हणून आली. पतीने पुरेसा मोबदला न घेता पत्नीला काही मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवायचे, असा तिचा अर्थ. पत्नीने पतीला दिले तरी नियम तोच.

समजा, एका शिक्षकाने संसार नीट चालू असताना पत्नीला ५ लाख रुपये बक्षीस दिले आणि तिने त्याची मुदत ठेव केली. व्याज वर्षाला ३५,००० रुपये येते. दोघे पुढे वेगळे राहू लागले तरी हे व्याज शिक्षकाच्याच विवरणपत्रात जाईल, कारण विवाह टिकून आहे आणि ती रक्कम विभक्त होण्यासाठी दिलेली नव्हती. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरचे व्याज मात्र पत्नीचे.

याउलट, दोघांनी वेगळे राहण्याचा करार केला आणि त्या करारान्वये पतीने तुंगार्लीतील फ्लॅट पत्नीच्या नावे केला, तर घटस्फोट झाला नसला तरी त्याचे भाडे पत्नीचेच उत्पन्न होय. वेगळे राहण्याच्या करारासंबंधाने दिलेली मालमत्ता कलम ६४ मधून वगळलेली आहे आणि घरापुरता हाच अपवाद कलम २७ मध्येही आहे. म्हणून अशा दस्तात 'विभक्त राहण्याच्या अमुक तारखेच्या करारानुसार' हे शब्द स्पष्ट असावेत. साध्या बक्षीसपत्रात ते नसले, तर वर्षांनंतर सिद्ध करणे अवघड जाते.

पती-पत्नीचे नाते मालमत्ता देताना असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने फिलिप जॉन प्लास्केट थॉमस यांच्या प्रकरणात १९६३ साली स्पष्ट केले. विवाहापूर्वी नियोजित वधूला दिलेल्या शेअरचे उत्पन्न त्यांच्याकडे मिळवता आले नाही. सारांश, आपल्या विषयात प्रत्येक गोष्ट तारखेवर अवलंबून असते.

पोटगी आणि कर

दुसरा मोठा प्रश्न पोटगीचा. पती म्हणतो, "मी दरमहा १०,००० रुपये पोटगी देतो, तेवढे माझ्या उत्पन्नातून वजा करा." ही वजावट मिळत नाही. याचा निर्णय मुंबईच्याच एका प्रकरणात झालेला आहे. सितलदास तीरथदास या करदात्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्याप्रमाणे पत्नी व मुलांना पोटगी द्यावी लागे. त्यांनी १९५३-५४ व १९५४-५५ या करनिर्धारण वर्षांसाठी १,३५० आणि १८,१४१ रुपयांची वजावट मागितली. न्या. हिदायतुल्ला यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला आणि वजावट नाकारली. त्यामागील तत्त्व असे की, उत्पन्न आधी पतीच्या हाती आले आणि मग त्याने ते आपल्या कर्तव्यापोटी खर्च केले. हाती आलेल्या उत्पन्नाचा तो विनियोग आहे. उत्पन्न हाती येण्यापूर्वीच कायद्याने दुसऱ्याकडे वळले असते, तर गोष्ट वेगळी. १९३३ च्या बिजॉयसिंग दुधोरिया प्रकरणात सावत्र आईची पोटगी मालमत्तेवरच बोजा म्हणून ठेवलेली होती, तेथे ती वगळली गेली.

म्हणून पगार ९ लाख असेल आणि त्यातून वर्षाला १,२०,००० रुपये पोटगी जात असेल, तरी विवरणपत्रात उत्पन्न ९ लाखच दाखवायचे. न्यायालयाच्या आदेशाने पोटगीची रक्कम थेट पगारातून कापली जात असली तरी हेच लागू.

आता पत्नीची बाजू. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या राजकन्या माहेश्वरी देवी यांच्या प्रकरणात (हा निकाल १९८४ च्या आयकर निकालपत्रांत छापलेला आहे) फरक केला. हुकूमनाम्याने मिळालेली एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची, तिच्यावर आयकर नाही. दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न, ते 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचे. अर्थात एकरकमी रक्कम बँकेत ठेवली तर तिचे व्याज पत्नीचे उत्पन्न होते, हे विसरू नये.

यामुळे कोणी घाबरून जाऊ नये. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास विशेष दराची उत्पन्ने सोडून बाकीवर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना त्याशिवाय ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे. म्हणजे पोटगी दाखवली तरी बहुतेक भगिनींना कर पडणार नाही. पण एकूण उत्पन्न ४ लाखांवर गेले तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरावेच लागते.

आणखी एक बारकावा. विवाह टिकून असताना पतीने आपखुशीने दिलेली भेट 'नातेवाईका'कडून आलेली समजली जाते व तिच्यावर कर नसतो. घटस्फोटानंतर पूर्वीचा पती नातेवाईक राहत नाही. त्यानंतर हुकूमनाम्याबाहेर वर्षात ५०,००० रुपयांवर रक्कम मिळाली, तर ती करपात्र ठरू शकते. म्हणून जे काही द्यायचे-घ्यायचे ठरले असेल, ते सर्व हुकूमनाम्यात लिहून घ्यावे.

मुलांच्या नावावरील उत्पन्न

अज्ञान मुलाच्या नावावर आजी-आजोबांनी ठेव केलेली असते. तिचे व्याज कोणाच्या विवरणपत्रात जाते? बहुतेकांना वाटते, मूल ज्याच्याकडे राहते त्याच्या. पण तसे नाही. विवाह टिकून असेपर्यंत ते उत्पन्न ज्या पालकाचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळवायचे असते. म्हणजे आई वेगळी राहून मुलाला एकटीच सांभाळत असली, तरी घटस्फोट होईपर्यंत आणि पतीचे उत्पन्न अधिक असेपर्यंत ते व्याज पतीच्या विवरणपत्रात जाते. विवाह संपल्यानंतर मात्र त्या वर्षी जो पालक मुलाचे पालनपोषण करतो, त्याच्याकडे. एकदा एका पालकाच्या उत्पन्नात ते मिळवले की, दुसऱ्या पालकाला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून करनिर्धारण अधिकारी पुढील वर्षी ते त्याच्याकडे वळवू शकत नाही.

जुन्या करपद्धतीत अशा प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा अंगच्या कलेने मिळवलेले उत्पन्न मात्र मुलाचेच राहते. चित्रकलेत वा गायनात बक्षीस मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी १९६१ च्या कायद्याऐवजी 'आयकर कायदा, २०२५' आहे. त्यात कलमांचे क्रमांक आणि फॉर्मची नावे बदलली आहेत. वर सांगितलेली मूळ तत्त्वे तीच आहेत. जुन्या वर्षांच्या प्रकरणांना जुनी कलमेच लागतात.

कराचे कुटुंब वेगळे, योजनेचे कुटुंब वेगळे

आयकरासाठी प्रत्येक जण एकटा असला, तरी सरकारी योजनांत 'कुटुंब' धरले जाते. २०२४ साली सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या नियमांत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रिया घेतल्या. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि कुटुंबात कोणी आयकरदाता नसावा, अशा अटी घातल्या. पती आयकर भरतो आणि पत्नी वेगळी राहते, पण कागद काहीच नाही, अशा भगिनीला अशा ठिकाणी आपली खरी परिस्थिती पटवून देणे कठीण जाते. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढतानाही कुटुंबाचा हाच प्रश्न येतो. म्हणून मनातल्या मनात वेगळे होण्यापेक्षा न्यायालयाचा आदेश हाती असणे हिताचे.

काय करावे?

(१) आपले पॅन कार्ड, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाईल क्रमांक आपल्याच ताब्यात ठेवावा. अनेक भगिनींचे विवरणपत्र पतीच भरीत असतो व ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. वेगळे झाल्याबरोबर हे प्रथम बदलावे. पॅन कार्डावर पतीचे नाव नसते, त्यामुळे नवे पॅन काढण्याची गरज नाही. दुसरे पॅन काढणे बेकायदेशीर आहे.

(२) कोऱ्या किंवा न वाचलेल्या विवरणपत्रावर सही करू नये. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

(३) आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपले वार्षिक माहिती पत्रक पाहावे. आपल्या नावे कोणत्या ठेवी, कोणते व्यवहार आहेत ते तेथे दिसते. आपल्याला माहीत नसलेली ठेव दिसली तर ती कोणाच्या पैशाची, हे लेखी विचारून घ्यावे.

(४) संयुक्त खात्यातील व्याजावरील कर सहसा पहिल्या नावावर कापला जातो. ती खाती बंद करावीत किंवा वेगळी करावीत.

(५) संयुक्त गृहकर्जाची वजावट जो सहमालक प्रत्यक्ष हप्ता भरतो, त्यालाच मागता येते. हप्ता कोणी भरला याचा पुरावा आपल्या खात्यातून ठेवावा.

(६) पोटगी शक्यतो बँकेतूनच द्यावी-घ्यावी. रोखीने दिलेली रक्कम दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

(७) करार, हुकूमनामा आणि त्यांच्या तारखा यांची एक फाईल करावी. एक प्रत आपल्या कर सल्लागाराला द्यावी.

(८) वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी अन्याय सोसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

शेवटी

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला पत्नीचा सन्मान करण्यास व तिला घराचा अधिकार देण्यास सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखावा, असाही उपदेश त्यात आहे. संसार मोडणे ही अडचणीचीच वेळ. अशा वेळी ज्याच्याकडे स्वतःचे खाते, स्वतःचे विवरणपत्र आणि स्वतःच्या कागदांची माहिती असते, तो माणूस ताठ मानेने उभा राहतो.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. या जुलैमध्ये आपल्या आईजवळ, बहिणीजवळ बसा. तिचे विवरणपत्र तिला वाचून दाखवा आणि तिच्याच हातून भरून घ्या. कोणते घर कधी विभागले जाईल हे सांगता येत नाही, पण ही माहिती मात्र कोणालाही तिच्याकडून काढून घेता येणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!